भरतीच्या वेळेचं जेवण

केतकी मयेकरने लाँचच्या कठड्यावर एक पाय ठेवला आणि धक्क्यावरचा भोंगा खरखरला.

"कॅप्टन मयेकर, थांबा. तुमचा आकडा चौसष्ट झालाय."

समोर तीन मैलांवर कोळशाचं जहाज तिची वाट पाहत उभं होतं. भरती पूर्ण व्हायला दोन तास उरले होते. केतकीचं डोकं दुखत नव्हतं, डोळ्यांपुढे काही नाचत नव्हतं, हात दगडासारखे स्थिर होते. पण आकडा साठच्या वर गेला की पायलटने जहाजावर चढायचं नाही, हा नियम होता. तिने जीवरक्षक जाकीट काढून दुसऱ्या पायलटच्या हातात दिलं आणि सगळ्यांच्या देखत ती धक्क्यावरून परत चालत आली. सहा महिन्यांतली ही बारावी वेळ होती.

२०४३ सालापर्यंत मोठी जहाजं समुद्र आपली आपण ओलांडू लागली होती. पण दक्षिण कोकणातल्या खारवली बंदराशी आली की त्यांचं शहाणपण संपायचं. इथल्या खाडीच्या तोंडाशी गाळ दर पंधरवड्याला जागा बदलतो. त्यामुळे शेवटच्या तीन मैलांना अजून माणूसच लागे. दोरीच्या शिडीने चालत्या जहाजावर चढायचं आणि आपल्या डोक्यातल्या नकाशावर ते आत आणायचं, हे पायलटचं काम. खारवलीत असे सात पायलट होते. केतकी त्यांतली एकटी बाई. सगळ्यांत लांब जहाजं आणायचा परवाना फक्त दोघांकडे होता, त्यांतली एक तीच.

आणि सोळाव्या वर्षापासून तिला मायग्रेन होता.

मायग्रेन म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. काही माणसांचा मेंदू जन्मतःच हळवा असतो. चुकलेलं जेवण, मोडलेली झोप, झगमगता उजेड, अशा गोष्टी एकावर एक साचत जातात आणि एका मर्यादेनंतर बांध फुटतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला तीनेक मिलिमीटर वेगाने एक लाट सरकत जाते. ती दृष्टीच्या भागातून गेली की माणसाला करवतीच्या दात्यांसारख्या चमकत्या रेषा दिसतात. मग अर्धं डोकं ठणकू लागतं, उलट्या होतात, उजेड सोसवत नाही. पण या सगळ्याची तयारी दीड-दोन दिवस आधीच सुरू झालेली असते. मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग भूक, झोप आणि शरीराचं घड्याळ सांभाळतो. तो आधी बिघडतो.

हा बिघाड ओळखणारी पट्टी पाच वर्षांपूर्वी आली होती. तिचं नाव 'चाहूल'. कानामागे चिकटवायची, नखाएवढी. मेंदूतली सूक्ष्म विद्युतलय, त्वचेचं तापमान आणि घाम यांच्यावरून ती शून्य ते शंभर असा आकडा देई. सत्तरच्या वर गेलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना दीड दिवसात झटका येई. रुग्णांसाठी ते वरदान होतं. पण जे रुग्णाला आधी कळतं ते मालकालाही आधी कळावं, असं कुणाच्या तरी मनात आलं. वैमानिक, क्रेनचालक, बंदराचे पायलट यांच्या पट्ट्या थेट कचेरीला जोडल्या गेल्या.

बंदराचे प्रमुख कॅप्टन इनामदार यांनी केतकीला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले.

"बारा झाल्या, मयेकर. आता प्रकरण माझ्या हातात नाही. सहा महिन्यांनी मुंबईत बंदर-सुरक्षा मंडळापुढे सुनावणी. परवाना ठेवायचा की काढायचा, ते ठरवतील."

"सर, पंधरा वर्षांत माझ्या हातून एका जहाजाला ओरखडा गेलेला नाही."

"ठाऊक आहे मला. औषधाचं काही जमत नाही?"

"मला जी गोळी लागू पडते तिने गुंगी येते. ती घेतली की पुढचे चोवीस तास शिडी चढायला बंदी."

इनामदारांनी मान हलवली.

देवरुखच्या डॉक्टर नलिनी घैसास यांचं नाव केतकीच्या नवऱ्याने काढलं. सुहृद गावातल्या शाळेत मुख्याध्यापक होता. त्याच्या एका शिक्षिकेला तिथे गुण आला होता. डॉक्टर साठीच्या, बारीक चणीच्या, स्पष्टवक्त्या. जपानात रुजलेली मॅक्रोबायोटिक आहारपद्धती त्या वीस वर्षं वापरत होत्या. अख्खी धान्यं, डाळी, जवळपास पिकणाऱ्या हंगामी भाज्या, थोडी समुद्रातली शेवाळं, कढण. साखर, मैदा, चीज, डबाबंद पदार्थ बंद. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. ठरल्या वेळी जेवायचं, ठरल्या वेळी झोपायचं, रोज चालायचं.

"यातलं विज्ञानानं किती सिद्ध केलंय?" केतकीने विचारलं.

"थोडं," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप, याला भक्कम आधार आहे. बाकीचं कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. पण तुझ्या कानामागे पट्टी आहे ना? एकेक गोष्ट तिच्यावर तपासू. मी तुला बरी करणार नाही, केतकी. तुझा बांध चार बोटं उंच करायचा, एवढंच माझं काम."

"बाईसाहेब बंदरापासून त्या पट्टीला शिव्या देत आल्यात," सोबत आलेला सुहृद हसून म्हणाला.

"मग आता तिच्याकडून काम करून घ्या."

खरी अडचण घरी आली. केतकीचे वडील, अच्युत मयेकर, तिच्याकडेच राहत. वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंत अच्युत आचारी म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटे. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या पंगती उठवल्या होत्या. त्या रविवारी त्यांनी तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केले होते, सोबत वेलदोडा घातलेला नारळाचा गोड रस. केतकीने नुसते शिरवाळे घेतले आणि रसाची वाटी बाजूला सारली.

"हे काय?"

"बाबा, गोड बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"माझ्या हातचं बंद?" म्हातारे पाटावरून उठले. "एका हंगामात पाच-पाच हजार पानं वाढली मी. आजवर एकानं वाटी सारली नव्हती."

दोन दिवस ते स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद हातात घेऊन ते केतकीसमोर येऊन बसले. त्यांनी चष्मा पुसला.

"हे कुणी लिहिलंय?"

"डॉक्टर घैसासांनी."

"बाई हुशार आहे. पण तिला रांधता येत नाही. 'उकडलेल्या भाज्या' म्हणे! ऐक गो, पथ्याचं जेवण बेचव लागलं तर तो दोष आचाऱ्याचा. पथ्याचा नव्हे."

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा नूर बदलला. हातसडीचा लाल तांदूळ आला. नाचणीची आंबील, कुळथाचं कढण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी. ओहोटीला खडकावर जाऊन ते स्वतः शेवाळं खरवडून आणत, सात पाण्यांनी धूत आणि तव्यावर असं कुरकुरीत परतत की सुहृदही दुसऱ्यांदा मागे. केतकी चावू लागली की ते समोर बसून मनातल्या मनात तीस मोजत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी सोयाबीनची आंबवलेली पेस्टही केली, सहा आठवडे मुरवून. ती खाल्ली की दुसऱ्या दिवशी केतकीचा आकडा बारा-पंधराने चढे. असं तीनदा झालं. डॉक्टरांनी स्वतःच्या आवडत्या पदार्थावर निमूटपणे काट मारली.

तोवर आकड्याची सरासरी अठ्ठेचाळीसवरून एकोणचाळीसवर आली होती. तरीही महिन्यातून दोनदा तो साठच्या पलीकडे उसळी मारत होता. सुनावणीला तीन महिने उरले होते.

एका दुपारी केतकी आकड्यांचा आलेख पडद्यावर लावून बसली होती. बाबा मागे उभे राहून पाहत होते.

"ही टोकं कधीची?"

तिने तारखा सांगितल्या. बाबांनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून आणली आणि बोटाने तिथ्या मोजल्या.

"पंचमी ते अष्टमी. ही पण पंचमी ते अष्टमी, वद्यातली. तिथीची पाऊणपट कर."

किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असलेला हिशेब होता तो. तिथीला पाऊणपटीने गुणलं की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. म्हणजे त्या दिवसांत केतकीला पहाटेच्या आधी घर सोडावं लागे, तेही अर्ध्या झोपेत आणि रिकाम्या पोटी.

"तू जेवतेस घड्याळावर आणि राबतेस भरतीवर," बाबा म्हणाले. "भरती रोज पन्नास मिनिटं पुढे जाते. तुझं ताट मात्र एकाच जागी. वऱ्हाड एका वेळी आणि पान दुसऱ्या वेळी, असं कार्य कधी पार पडलंय?"

केतकीने प्रत्येक टोक तिथीशी पडताळून पाहिलं. मग तिने डॉक्टरांना फोन लावला.

"म्हणजे तुला चोवीस तास पन्नास मिनिटांचा दिवस जगायचाय," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "चंद्राचा दिवस. शरीराचं घड्याळ उजेडानं आणि जेवणानं ओढता येतं, पण पन्नास मिनिटं म्हणजे अगदी त्याच्या मर्यादेच्या काठावर आहे. सगळ्यांना झेपणार नाही."

"मला झेपेल का?"

"ते मी नाही सांगू शकत. पट्टी सांगेल. तीन आठवडे करून बघ, आकडा चढला तर तिथेच थांबायचं."

इनामदारांना पटवायला एक कप चहाएवढा वेळ लागला. चोवीस तासांत दोन भरत्या येतात. केतकी त्यांतली एकाआड एक भरती घेईल, कायम, न चुकता. तिला नवं जहाज नको होतं की सवलत नको होती. फक्त वेळापत्रक भिंतीवरच्या घड्याळाऐवजी पाण्यावर लावायचं होतं.

झोपायच्या खोलीला जाड पडदे लागले. दिवसासारखा पांढरा उजेड देणारा दिवा आला. भरतीच्या सहा तास आधी उठायचं, उठल्यावर पेज, तीन तास आधी पोटभर जेवण, जहाज धक्क्याला लागल्यावर कढण आणि भाकरी. रोज सगळं पन्नास मिनिटांनी पुढे. बाबांनी चुलीजवळ भरतीचा तक्ता चिकटवला आणि त्यांची स्वतःची झोप त्या तक्त्याला बांधून टाकली. पहिले दोन आठवडे केतकी धुक्यात चालल्यासारखी वावरली. आकडा पंचावन्नच्या आसपास घुटमळत होता. तिसऱ्या आठवड्यात पंचमी आली, षष्ठी आली, अष्टमी गेली. आकडा एकतीस होता.

बाबा त्या दिवशी गावभर फिरून आले.

सुहृदचं मात्र निराळं होतं. शाळेची घंटा दहा चाळीसला होई आणि चंद्र तिला विचारत नव्हता. महिन्यातले बारा-तेरा दिवस दोघांचा दिवस एकत्र चाले. मग केतकी हळूहळू सरकत पलीकडे जाई. तो घरी येई तेव्हा ती गाढ झोपलेली, ती उठे तेव्हा तो झोपायला निघालेला. एका संध्याकाळी तो टेबलाशी एकटाच जेवत होता. केतकी डोळे चोळत बाहेर आली. तिची ती सकाळ होती.

"आज काय झालं शाळेत?" तिने विचारलं.

"आजचं विचारतेस? परवा माझ्या शाळेला जिल्ह्याचं पारितोषिक मिळालं. तू झोपली होतीस, म्हणून बोललो नाही."

ती समोर बसली. "सुहृद, तू म्हणशील तर हे मी थांबवते. मंडळ परवाना काढेल, मी कचेरीतलं काम घेईन."

"असलं काही मी म्हणणार नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच विचारतेस." त्याने ताट सारलं. "मला तुझा अभिमान वाटतो. आणि मला एकटं वाटतं. दोन्ही खरं आहे. एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही."

केतकीने दिनदर्शिका काढली आणि दोघांचे दिवस जुळणाऱ्या तारखांभोवती हिरवं वर्तुळ केलं. त्या दिवसांत शाळेची बैठक नाही आणि बंदराचं कागदी काम नाही, असं दोघांनी ठरवलं. उरलेल्या दिवसांत सुहृद तिच्यासाठी कागदावर दिवसभराच्या गोष्टी लिहून ठेवू लागला. त्यामुळे घरातली पोकळी भरली नाही, पण ती झाकून ठेवायची गरज संपली.

सुनावणीला बारा दिवस होते तेव्हा 'हानुल' हे जहाज आलं. दोनशे पंचाण्णव मीटर लांब, पोटात द्रवरूप वायू, म्हणून कप्तान आणि खलाशी सोबत ठेवणं सक्तीचं. त्याचा धक्का गावापासून आणि सुहृदच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. ते पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीलाच आत येऊ शकत होतं, आणि त्या दिवशी पौर्णिमा होती. केतकीचा आकडा एकोणीस होता. सकाळी साडेनऊला ती शिडी चढली.

कासवखडकाच्या वळणापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिने सुकाणू उजवीकडे पंधरा अंश घ्यायला सांगितलं, जहाजाचं प्रचंड नाक वळू लागलं, आणि तिने सुकाणू मधोमध आणायचा हुकूम दिला. सुकाणू हललं नाही.

"अडकलंय!" चाकावरचा खलाशी ओरडला.

नाक वळतच राहिलं, सरळ खडकाच्या दिशेने. जहाजाचा कोरियन कप्तान इंजिनाच्या दांड्याकडे धावला. त्याला पंखा उलटा फिरवून जहाज थांबवायचं होतं.

"नाही!" केतकी म्हणाली. "उलटा फिरवलात तर नाक आणखी उजवीकडे जाईल. इंजिन बंद. फक्त बंद."

त्याचा हात दांड्यावर थबकला. मग त्याने इंजिन बंद केलं. तोवर ती बिनतारीवर बोलू लागली होती. पुढच्या टगने, म्हणजे सोबतच्या ओढबोटीने, उजव्या बाजूने नाक रेटायचं. मागच्या टगने पाठ उजवीकडे ओढायची. डाव्या बाजूचा नांगर थोडाच सोडायचा, तळाच्या चिखलात घासत जाऊ द्यायचा. तिचा आवाज चढला नाही. भरतीचं पाणी किती रेटतंय, चिखल कुठे मऊ आहे, हे तिला पायांतून कळत होतं. चार महिन्यांपूर्वी अर्ध्या झोपेत शिडी चढताना तिचं डोकं ओल्या कापसासारखं असे. आज ते स्वच्छ होतं, सकाळच्या खाडीसारखं.

नाकाचा वेग मंदावला. थांबला. मग हळूहळू, अगदी अनिच्छेने, ते डावीकडे परतू लागलं. खडक सत्तर मीटरवरून मागे गेला. टगांच्या जोरावर तिने ते जहाज धक्क्याला लावलं, तेव्हा भरती अजून उतरायला लागली नव्हती. कोरियन कप्तानाने डोक्यावरची टोपी काढली आणि कमरेत वाकून तिला नमस्कार केला.

मुंबईत सुनावणीच्या दिवशी सुहृदने रजा टाकली. बाबाही हट्टाने आले. बाहेरच्यांना मागच्या बाकांवर बसायची परवानगी होती. मंडळाचे तिन्ही सभासद 'हानुल'चा अहवाल वाचून बसले होते.

"कॅप्टन मयेकर," अध्यक्ष म्हणाले, "गेल्या तीन महिन्यांत तुमचा आकडा एकदाही साठच्या वर गेलेला नाही. तुम्ही बऱ्या झाला आहात असं समजायचं का?"

"नाही, सर. मायग्रेन माझ्यात आहे आणि राहील. पुढच्या महिन्यातही झटका येऊ शकतो."

बाकांवर कुजबूज झाली. सुहृदने डोळे मिटले.

"हे तुम्ही स्वतःहून सांगताय?"

"हो. झटका येणार असेल तर मीच सांगेन की आज माझ्याकडे जहाज देऊ नका. त्यात मला कमीपणा वाटत नाही. मला माझं दुखणं जितकं ठाऊक आहे, तितकी मला फक्त खारवलीची खाडी ठाऊक आहे."

अध्यक्षांनी उरलेल्या दोन्ही सभासदांशी हलक्या आवाजात सल्लामसलत केली. "'हानुल'च्या दिवशी तुम्ही जे केलंत ते लक्षात घेऊन, खास बाब म्हणून तुम्हाला या नियमातून सूट द्यायचा आमचा विचार आहे."

"सूट नको, सर."

अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला.

"खारवलीत सात पायलट आहेत," केतकी म्हणाली. "मायग्रेन एकटीला आहे. पण अर्धी झोप आणि रिकामं पोट सातही जणांना आहे. आम्हाला पाण्याप्रमाणे वेळापत्रक द्या. ज्यांना झेपेल त्यांनी ते घ्यावं. आणि चाहूलचा आकडा चूक म्हणून मोजू नका. तो आधी आम्हाला दाखवा. दोन दिवस आधी कळलं तर माणूस स्वतःला सावरू शकतो. मी सावरलं. हे सगळे आकडे, रोजचं जेवण, रोजची झोप, चुकलेल्या गोष्टींसकट इथे लिहिलेलं आहे."

तिने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. मंडळाने तासभर ते वाचलं. परवाना कायम राहिला. पाण्याच्या वेळापत्रकाचा प्रयोग खारवलीत एक वर्ष करायचा आणि आकडा पायलटविरुद्ध मोजायचा नाही, असा निर्णय झाला. एका सभासदाने जाताना केतकीला थांबवून हळूच विचारलं की शेवग्याच्या पाल्याची ती भाजी नेमकी करतात कशी, त्यांच्या मुलीचंही डोकं दुखतं.

बाहेर पडताना दारावरच्या कारकुनाने बाबांना हाक मारली.

"काका, पाहुण्यांच्या वहीत तुमची नोंद अर्धी राहिलीय. नाव आहे, नातं नाही. कॅप्टन मयेकरांचे तुम्ही कोण?"

पुढे गेलेली केतकी पायरीवर थबकली. बाबांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. चाळीस वर्षं जे नाव किनारपट्टीभर मिरवलं, ते त्यांनी छाती काढून सांगितलं.

"आचारी," ते म्हणाले. "मी त्यांचा आचारी."

कारकुनाने लिहून घेतलं. बाबांनी वहीत वाकून अक्षर बरोबर आहे ना ते पाहिलं आणि मग लेकीला हाक दिली, "चल गो, जेवणाची वेळ टळेल."